आरसेबाईंचे चार दात

माझ्या धाकट्या जावेला अख्खी गल्ली आरसेबाई म्हणते. ती बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवते, आणि ते आरशासमोर बसून शिकवावं लागतं, म्हणून आरसेबाई. मूल तिच्या शेजारी बसतं, दोघांची तोंडं आरशात दिसतात. ती "प" म्हणते, मूल बघतं आणि तसे ओठ करतं. कानांचा उपयोग नाही म्हटल्यावर सगळी भिस्त डोळ्यांवर. बाई जे करतील ते मूल करणार. एका वर्षी तिला सर्दी झाली होती, तर वर्गातली सहाच्या सहा पोरं प्रत्येक शब्दामागे नाक ओढायला लागली. ते ऐकून आमची हसून हसून पुरेवाट झाली होती.

मी थोरली. घरचं सगळं मी बघते, आणि तोंडाने फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या जिभेचा मोठा वाटा आहे.

तिच्या हिरड्यांचं दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते तिलाही सांगता येणार नाही. दुखणं म्हणायचं, पण दुखत काहीच नव्हतं, तिथेच सगळा घात झाला. दात घासले की बेसिनमध्ये गुलाबी पाणी. ती म्हणायची, ब्रश कडक आहे. मऊ ब्रश आणला. तरी रक्त येतंय म्हटल्यावर तिने त्या जागी घासायचंच सोडलं. मग हिरड्या वर सरकायला लागल्या, पुढचे वरचे चार दात लांब दिसायला लागले, त्यांच्यात फटी पडल्या. आम्ही सगळे बघत होतो. वय झालं की होतं असं, म्हणत होतो. तेव्हा तिचं वय होतं एकेचाळीस.

आणि वास. काय सांगू. ती जवळ येऊन बोलायला लागली की मी श्वास धरून ठेवायचे. माझे दीर एवढी वर्षं तिच्या शेजारी झोपतात, पण त्या माणसाने कधी चकार शब्द काढला नाही. बायकोला वाईट वाटेल म्हणून मूग गिळून बसले. शेवटी एका रविवारी, सगळे जेवायला बसलेले असताना, ती माझ्याकडे वाकून शाळेतली काहीतरी गंमत सांगायला लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगं, बोलताना तोंडावर हात धरत जा. फार वास येतो."

दिरांचा चमचा ताटात पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग "बरं, ताई," म्हणाली आणि खरंच हात वर नेला. चार बोटं आडवी, वरच्या ओठाच्या जरा पुढे. गंमत अर्धीच राहिली.

मला तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी सांगायला हवंच होतं. पण सांगायचं काय होतं? डॉक्टरकडे जा, हे सांगायचं होतं. मी हात धर म्हणाले. आज सात वेळा आठवलं तरी सात वेळा जीव जळतो.

पुढे चार महिन्यांनी ती एकदा शाळेतून आली. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "ताई, जरा हात लावून बघा." मी तिच्या समोरच्या दाताला बोट लावलं आणि तो आत गेला. दात असा हलतो हे लहान पोरांचं ठाऊक होतं.  दुसऱ्या दिवशी मीच तिला हिरड्यांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेले.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. तिने खुणा केलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घातली आणि आकडे सांगत गेली, मदतनीस मुलगी लिहून घेत होती. चार. पाच. पाच. पुढच्या चार दातांपाशी आली तेव्हा आठ, नऊ, नऊ, दहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं म्हणे. त्याच्या पुढे हिरडी दातापासून सुटलेली, आत घाण साचलेली, आणि खालचं हाड झिजत चाललेलं. एक्स-रे फोटोत तिने ते हाड दाखवलं. जिथे असायला हवं तिथून कितीतरी मागे हटलेलं. गेलेलं हाड परत येत नाही, म्हणाली. उरलेलं राखता येतं. मग रक्त तपासायला सांगितलं, तर साखर वाढलेली निघाली. तीही कोण जाणे कधीपासून. साखर आटोक्यात नसली की हिरड्या बऱ्या होत नाहीत आणि हिरड्या सडल्या की साखर आटोक्यात येत नाही. एकमेकींच्या गळ्यात गळा घातलेल्या दोघी.

"बाकीचे वाचवू आपण," डॉक्टरीण म्हणाली. "हे पुढचे चार मात्र काढावे लागतील."

माझी जाऊ तोंडावर हात धरूनच म्हणाली, "मार्चपर्यंत ठेवा."

"मार्चपर्यंत कशाला?"

"माझ्या एका मुलीची परीक्षा आहे."

डॉक्टरणीला वाटलं, हिच्या पोटच्या मुलीची दहावी-बिहावी असेल. पण ती होती भिंगरी. खरं नाव वेगळं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरी म्हणायचे. सात वर्षांची, जन्मापासून बहिरी. आई लाँड्रीत इस्त्रीला उभी असते, बाप नाही. भिंगरीला घराजवळच्या साध्या शाळेत घालायचं, चारचौघांच्या मुलांसारखं, एवढी एकच गोष्ट त्या बाईला हवी होती. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, मार्चमध्ये आणा, मी तिच्याशी बोलून बघते. तिचं बोलणं आम्हाला कळलं आणि आमचं तिला कळलं, तर घेऊ.

"त, द, न, स," माझी जाऊ डॉक्टरणीला सांगत होती, "हे सगळे इथे होतात. जीभ दाताच्या मागे टेकते ते मुलीला दिसावं लागतं. दातच नसले तर मी काय दाखवू? चार महिने द्या मला."

डॉक्टरणीने हात टेकले. ते चार दात मागून बारीक तारेने एकमेकांना बांधून दिले आणि बजावलं, की हे उसने आहेत, यांच्या मुळाशी पू राहणारच, आणि वासही.

बाकीचं सगळं मात्र माझ्या जावेने डोळ्यांत तेल घालून केलं. चार खेपांत भूल देऊन हिरड्यांच्या आतली सफाई झाली. दातांच्या फटींत फिरवायचे छोटे ब्रश मिळाले, बाटली घासायच्या ब्रशाची पिल्लं जणू. जेवणानंतर वीस वीस मिनिटं ती बेसिनपाशी उभी. "दात घासतेस की भांडी गं?" मी म्हणायचे. साखरेच्या गोळ्या, सकाळचं चालणं, एक दिवस चुकवलं नाही. मागच्या दातांचं रक्त थांबलं. डॉक्टरीण खूश झाली. वास कमी झाला, पण गेला नाही, आणि तिचा हात काही तोंडावरून हटला नाही. घरात, दुकानात, शाळेत, तोंड उघडलं की चार बोटं वर.

फक्त आरशासमोर ती हात खाली ठेवायची. तिथे दाखवायचंच असतं. पण दिवसभर मुलांशी बोलणं काय आरशासमोरच होतं का? "ये", "बस", "डबा खाल्लास का", "आई बरी आहे का", हे सगळं हाताआडून, आणि पोरं ते तिच्या डोळ्यांवरून, मानेवरून ओळखायची. आरशासमोर बसलं की भिंगरीचाही हात खाली. आरसा सोडून उठलं की पोरीची चार बोटं वर. माझ्या जावेने ते पाहिलं नव्हतं असं नाही. पण भिंगरीचे दुधाचे दात तेव्हाच पडले होते, समोर खिडकी झाली होती. पोर लाजते, असंच तिला वाटलं. बाकीच्या शिक्षिकांनाही तसंच वाटलं, आणि सगळ्यांनी कौतुकच केलं.

मार्चमध्ये एका दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. दारात भिंगरीची आई, इस्त्रीच्या कामावरून अर्धी रजा काढून आलेली, आणि तिच्या मागे भिंगरी. मी म्हटलं, झालं वाटतं काम, आत या. ती आत आली, पण बसली नाही. माझी जाऊ बाहेरच्या खोलीत आली तशी ती म्हणाली, "बाई, तुम्ही बोलताना हात का हो धरता?"

माझ्या जावेने एका हाताने खुर्ची पुढे ओढली.

"शाळेतल्या त्या मोठ्या बाईंनी हिला नाव विचारलं. हिने हात वर केला आणि हाताच्या आड पुटपुटली. त्यांना काही कळेना. त्या म्हणाल्या, हात खाली घे, बाळ. मी हिचा हात धरून खाली ओढला, तर ही गप्प. एक अक्षर नाही. चित्रं दाखवली, खाऊ दाखवला, नाहीच. घरीही ही असंच करते, बाई. मला वाटलं, शाळेत असंच शिकवतात. बोलायचं म्हणजे हात धरायचा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती. आणि माझी जाऊ तिथे उभी होती, तोंडावर तीच चार बोटं. तिने ती हळूहळू खाली आणली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

माझ्याने राहवेना. "मी सांगितलं होतं तिला हात धरायला," मी म्हणाले.

"का?"

"वास येत होता म्हणून."

भिंगरीच्या आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मोठ्या बाई भल्या होत्या, जूनमध्ये पुन्हा आणा म्हणाल्या होत्या. तेवढं सांगून ती पोरीला घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी माझ्या जावेने चारही दात काढून टाकले. आता कुणासाठी ठेवायचे? घरी आली तेव्हा तोंडात कापूस होता आणि वरचा ओठ आत बसलेला. ती एका दुपारीत दहा वर्षांनी मोठी झाली. कवळी लगेच नाही, जखम भरू द्यायची, दोन महिने तरी. आणि जून तर तोंडावर आलेला.

तिसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "ताई, तुमचे दात धड आहेत. रोज दोन तास शाळेत चला."

मी गेले. कशी नाही जाणार? त्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन मी भिंगरीच्या शेजारी बसायचे, दोन्ही हात मांडीवर. माझी जाऊ बाजूला, तिचेही हात मांडीवर, तोंड उघडं. ती सांगेल तो शब्द मी म्हणायचा. "ताई, फार भरभर बोलता. ताई, कपाळाला आठ्या नकोत, ती त्याही उचलेल." आयुष्यात मला एवढं कुणी टोकलं नव्हतं, आणि मी मुकाट्याने ऐकून घेतलं. आरशासमोर झालं की आम्ही पटांगणात जायचो, शिपायाशी बोलायचो, फाटकाबाहेरच्या फळवाल्याशी बोलायचो, माझे हात कायम खाली. तीन आठवड्यांनी भिंगरीने फळवाल्याला हात खाली ठेवून विचारलं, "केळी गोड आहेत?" फळवाल्याला कळलं. त्याने एक केळं फुकट दिलं. मी रडले, खोटं कशाला बोलू.

आणि मग भिंगरी ते केळं दाखवायला माझ्या जावेकडे वळली, आणि तिचा हात वर गेला.

आम्हाला वाटलं, जाईल हळूहळू. नाही गेलं. माझ्याशी बोलताना हात खाली, शिपायाशी खाली, आईशी खाली. बाईंकडे वळली की चार बोटं वर. माझ्या जावेने काय काय केलं नसेल. तिचा हात हातात धरून ठेवला, तर पोर मुकी. रिकाम्या हिरड्या उघड्या करून दाखवल्या, तर पोर नुसती बघत बसली. मे संपता संपता कवळी आली. चार नवे दात घेऊन ती वर्गात गेली, तरी तेच. इतरांशी बोलायचं असं, आणि बाईंशी तसं, एवढंच पोरीने शिकून ठेवलं होतं, आणि तिचं तिला बरोबरच वाटत होतं.

जूनमध्ये भिंगरीला साध्या शाळेत घेतलं. तिची आई तिला आमच्याकडे घेऊन आली. या वेळी बसली, चहा घेतला, माझ्याशी दोन शब्दही बोलली. भिंगरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काकू, मला शाळा मिळाली," म्हणाली. एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ, "मिळाली" म्हणताना जीभ बरोबर जिथे लागायला हवी तिथे.

मग ती बाईंकडे गेली. हात वर गेला. त्याच्याआडून ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली, डोळे चमकत होते, मध्येच हसली. माझी जाऊ मान हलवत ऐकत होती. नवे दात अजून अंगवळणी पडले नव्हते, तिच्या "स"ला शिटी वाजायची. "शाबास," ती म्हणाली, "छान बोललीस." भिंगरी तिला घट्ट बिलगली आणि आईचं बोट धरून गेली.

दार लावून मी आत आले. माझी जाऊ तशीच बसली होती.

"काय सांगत होती गं एवढं?" मी विचारलं.

"कळलं नाही, ताई," ती म्हणाली. "काहीच कळलं नाही मला."