जुनी डबी कधी मोकळी करायची

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते आणि कायम दमलेली असे. हे तक्रार म्हणून सांगत नाही. त्या वर्षांचं काहीही आठवायला गेलं की आधी तो शिणवटाच आठवतो, बाकीचं मागून येतं. सकाळी दोन तास, दुपारी प्रॅक्टिकल, मग पोरांची जर्नल्स तपासायची, आणि घरी गेलं की दोन मुलं दप्तरं पसरून बसलेली. नवरा बिद्रीला कारखान्यावर. गळीत हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचा, जेवायचा आणि झोपायचा. तोही दमलेलाच. आमचं भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला लागणारी ताकद दोघांकडेही नव्हती.

या सगळ्यात मला एम.ई.चा प्रबंध पुरा करायचा होता. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. तिसरी मिळणार नव्हती. त्या मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि पदवी नाही म्हणून माझी नेमणूकही पुन्हा तात्पुरती. माझ्यामागून नोकरीला लागलेली दोन तरुण पोरं पदवी घेऊन कायम झाली होती आणि आदरानं मला ‘मॅडम, तुमचं कुठवर आलं?’ विचारत होती. त्या आदरानं माझं डोकं उठायचं.

विषय मीच निवडला होता, त्यामुळे शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं. प्रोसेसरच्या पोटात आकडे ठेवायच्या थोड्याशा जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रोग्रॅमला त्यातली मोजकीच नावं ठाऊक असतात, म्हणून तो तेच नाव पुन्हा पुन्हा वापरतो. आता ‘अ’मध्ये एक आकडा ठेवला, जरा वेळानं त्याच ‘अ’मध्ये भलताच दुसरा. या दोन कामांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो, पण नाव एक म्हणून दुसरं पहिल्यासाठी खोळंबतं. त्यावर उपाय असा की आत जादा जागा ठेवायच्या आणि दर नव्या आकड्याला नवी जागा द्यायची. बाहेरून नाव ‘अ’च, आत जागा वेगळी. कुठलं नाव सध्या कुठल्या जागेत आहे याचा एक तक्ता ठेवला की झालं. ज्याला खरोखर दुसऱ्याचं उत्तर हवं असतं त्याला मात्र थांबावंच लागतं, त्यावर इलाज नाही. हे सगळं मला फोर्ट्रानमध्ये लिहून, असा प्रोसेसर किती वेळ वाचवील ते दाखवायचं होतं. प्रत्यक्षात असा प्रोसेसर मी पाहिलेला नव्हता. पाहण्याची शक्यताही नव्हती.

संगणक आमच्याकडे नव्हता. गावातल्या दुसऱ्या एका संस्थेत होता, तिथे दर गुरुवारी दुपारी दोन तास मिळत. चपला बाहेर काढून थंडगार खोलीत जायचं, वीज राहिली तर काम करायचं, गेली तर चपला घालून परत यायचं. त्यामुळे तिथे जाण्याआधी सगळं हातानं करून पाहणं भाग होतं, आणि तिथे चाचांचा संबंध आला.

चाचा आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. पन्नाशी उलटलेले, खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. घरचा धंदा कल्हईचा होता, तो बसल्यावर ते इथे लागले. विद्यार्थ्यांवर खेकसायचे आणि मग त्यांचीच सर्किटं गुपचूप दुरुस्त करून द्यायचे. इंग्रजी वाचता येत नसे, पण रेझिस्टरवरचे रंगांचे पट्टे माझ्यापेक्षा झटपट वाचायचे.

सुट्ट्या भागांच्या बारा डब्या त्यांनी मला रिकाम्या करून दिल्या. त्या माझ्या आतल्या जागा. डबीवर खडूनं नाव लिहायचं, आत आकड्याची चिठ्ठी टाकायची. मी एकेक सूचना मोठ्यानं वाचायची आणि चाचांनी डब्या हलवायच्या. बेरीज लवकर होते, भागाकाराला वेळ लागतो, म्हणून भागाकाराची चिठ्ठी टाकण्याआधी ते शांतपणे तंबाखू मळून घेत. डबीतला आकडा वाचणाऱ्या कामांसाठी आम्ही जुनी ट्रान्झिस्टरं मांडली होती. ज्याला जी डबी हवी तिच्यासमोर ते ट्रान्झिस्टर वाट बघत उभं. दोन आठवड्यांत चाचांना खेळ इतका समजला की मी चुकले तर ते मान हलवायचे.

प्रोग्रॅम चालला. आकडे सुरेख आले. नावं बदलल्यामुळे काम जवळपास दुप्पट वेगानं होत होतं. माझे मार्गदर्शक सर पुण्याचे, महिन्यातून एकदा भेटायचे. त्यांनी तक्ते पाहून ‘छान’ म्हटलं, आणि मी पाचवं प्रकरण टायपिस्टकडे देऊन टाकलं. कार्बन लावून पाच प्रती. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी घरी जाऊन मी कपडेसुद्धा न बदलता दुपारीच झोपले.

त्यानंतरच्या बुधवारी एक मोठं उदाहरण परिशिष्टात घालायचं म्हणून पुन्हा डब्या मांडल्या. मी वाचत होते, खडूनं नावं लिहीत होते, पुसत होते. मध्येच चाचांनी डबीवर हात ठेवला.

“मॅडम, थांबा की. ह्या डबीतलं अजून एकानं न्हेलं न्हाय.”

“कुणी?”

“ह्यो गुणाकार. त्याला ह्या डबीतलं पायजे आन् भागाकाराचं उत्तर पायजे. भागाकार अजून झालाच न्हाय. म्हंजे ह्यो हितंच उभा हाय. आन् तुम्ही नाव पुसून डबी दुसऱ्याला दिलासा.”

मी म्हटलं, “अहो, ‘अ’ची नवी डबी भरली ना? मग जुनी मोकळी.”

“नवी भरली म्हणून जुनी मोकळी कशी हुईल? जुन्याचं गिऱ्हाईक दारात उभं हाय की.” मग त्यांनी मला कल्हईच्या दुकानातली रीत सांगितली. “आमचं अब्बा भांडं निवलं की काठाला चिंधी बांधायचं. एका घराला एक गाठ, दुसऱ्याला दोन. गिऱ्हाइकाच्या हातात भांडं दिल्याबगार चिंधी सोडायची न्हाय. दुसरी भांडी येऊंद्यात, जागा नसंना का. म्या एकदा घाईनं सोडली तर असली थोबाडीत बसली, अजून आठवतीय.”

मी डबीकडे बघत बसले. त्यांचं बरोबर होतं. माझा प्रोग्रॅम जुनी जागा वेळेआधी सोडत होता, म्हणून त्याला जागा कधी कमीच पडत नव्हत्या, आणि म्हणूनच तो इतका सुसाट पळत होता. त्या गुणाकाराला तिथे भलताच आकडा मिळाला असता. पण माझा प्रोग्रॅम फक्त वेळ मोजत होता, खरे आकडे वाहतच नव्हता. त्यामुळे तो कधीच बोंबलला नसता.

“बघते,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी थंड खोलीत बसून प्रत्येक जागेला किती वाचणारे बाकी आहेत त्याची मोजदाद घातली आणि एकच उदाहरण चालवलं. दुप्पट कुठलं, कसंबसं सव्वापट निघालं. छापील कागदाची घडी घातली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. बाकीची वीस उदाहरणं पुन्हा चालवायला आणखी चार गुरुवार लागले असते. मुदत संपायला एक उरला होता. सगळे तक्ते बदलायचे, निष्कर्ष बदलायचा, टायपिस्टचे पाय धरायचे, सरांना सांगायचं की तुम्ही ज्याला छान म्हणालात ते चूक आहे. मला कुणी अडवलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. मला फक्त ते सगळं पुन्हा करायचा कंटाळा आला होता. इतका की त्या खुर्चीतून उठून चपला घालायचाही आला होता.

प्रबंध मी तसाच दिला.

बाइंडिंगच्या आदल्या दिवशी चाचांनी विचारलं, “ते डबीचं बघितलासा?”

“बघितलं, चाचा.”

“मग झालं,” चाचा म्हणाले आणि सोल्डरिंगच्या कामाला लागले. मी खोटं बोलले नव्हते, असं मी पुढे किती वर्षं स्वतःला सांगत होते. ते काय समजणार हे मला पक्कं ठाऊक असताना.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना संध्याकाळच्या गाडीआधी जोतिबाला जाऊन यायचं होतं. त्यांनी पानं चाळली, दोन प्रश्न विचारले, त्यातला एक जोतिबाला जीप मिळेल का हा होता. वीस मिनिटांत मी पास. प्राचार्यांनी अभिनंदन केलं. महिन्याभरात कायमची ऑर्डर आली. नवऱ्यानं कारखान्यातून पेढे आणले, मुलांनी भांडून संपवले. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला सांगू? सुटल्याचा आनंद होता, आणि तो चांगला आठवडाभर टिकला.

मग एक दिवस चाचा हात पुसत माझ्या टेबलापाशी आले.

“मॅडम, ते पुस्तक एक दिवस घरी न्हेऊ का? थोरली बीएस्सीला हाय, तिला इंग्लिश येतंय. तिला दावतो म्हटलं, आपल्या डब्यांचं कुठं आलंय ते. आमच्या अब्बांची रीत छापून आलीय म्हणून सांगितलंय घरात.”

नाही म्हणायला काय कारण सांगणार होते? प्रत कपाटात समोरच होती. मी आभाराचं पान उघडून दाखवलं, तिथे प्रयोगशाळा सहायकांचे आभार होते. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते नको होतं. त्यांनी प्रत वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली आणि सायकलच्या कॅरियरला लावून घेऊन गेले. त्या रात्री मी जेवले, मुलांचा अभ्यास घेतला, आणि मनाशी म्हणत राहिले की त्या पोरीला काय समजणार त्यातलं. इतकं जाडजूड पुस्तक, इतकं रुक्ष. पाचवं प्रकरण उघडलं तरी ‘नवी जागा भरली की जुनी मोकळी’ हे वाक्य ती ओलांडून पुढे जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत टेबलावर होती, तशीच गुंडाळलेली. चाचा कोपऱ्यात पॉवर सप्लाय उघडून बसले होते. मी आले तसे ते उठले. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

“पोरीनं वाचून दावलं,” ते म्हणाले. “दोनदा वाचायला लावलं म्या. त्यात तसं न्हाय, मॅडम. नवी भरली की जुनी सोडायची, असंच लिवलंय.”

खिडकीतून मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा येत होता.

चाचांनीच मग आवाज खाली घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्हाला येळ मिळाला नसंल. घर, पोरं, हितलं काम. किती करायचं एका माणसानं.”

ते कारण त्यांनी खरंच माझ्यासाठी शोधून आणलं होतं, आणि घरी पोरीलाही बहुतेक हेच सांगितलं असणार. खरे आकडे माझ्याकडे आहेत, पर्समध्ये घडी घालून ठेवलेत, मला ठाऊक होतं, एवढं तेव्हा तरी मला सांगता आलं असतं.

“हो, चाचा,” मी म्हणाले. “नाही मिळाला वेळ.”

ते “व्हय” म्हणाले आणि पुन्हा पॉवर सप्लायवर वाकले.