अर्लीनच्या नावावरची टिप

ओहायोतल्या आमच्या हॉटेलात अर्लीन दुपारची वेट्रेस होती. तिची गिऱ्हाइकं पेन्शनवरची म्हातारी माणसं, टिप म्हणून जेमतेम चिल्लर ठेवणारी. मिळेल तेवढी ती करासाठी मालकाला खरी कळवायची. संध्याकाळचा कर्टिस दुप्पट कमवायचा, पण शंभराच्या बिलामागे किमान टिप म्हणून सरकार धरतं तेवढेच आठ डॉलर दाखवायचा. वर्षाअखेरी हॉटेलची एकूण टिप सरकारी हिशोबाला कमी पडली. आठांपेक्षा कमी दाखवणारी एकटी अर्लीनच, म्हणून मालकाने सगळी तूट तिच्या नावावर टाकली.

“न मिळालेल्या पैशांवर मी कर भरू?” तिने विचारलं.

“मिळाले नाहीत, हे सिद्ध कर,” मालक म्हणाला.

कर्टिस हसला. “खरं सांगायची हौस तुलाच ना, अर्लीनबाई?”

तिने कर भरला. त्यानंतर म्हाताऱ्यांशी हसून बोलणं तिने सोडलं. आपलं काय चुकलं, हे त्यांना कधीच कळलं नाही.