बंडोपंत पांढरीपांडे यांची बिनउधारी सफर

वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूत शेजारून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. चार लाडू, मूठभर शेंगा, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात, आणि तेही दोन-चार दिवसांनी, सवडीने. बंडोपंत पांढरीपांड्यांच्या घरातून मात्र वाटी पंधरा मिनिटांत परत येते. घासलेली, पुसलेली आणि रिकामी. ती त्यांच्या बायकोच्या, शरयूच्या, हातून येत नाही, बंडोपंत स्वतः घेऊन येतात. "घ्या गुलाबताई, तुमची वाटी. आता काही बाकी नाई." सत्तावीस वर्षं मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. एवढ्या वर्षांत दर वेळी मला वाटलं आहे की ही वाटी याच माणसाच्या डोक्यात घालावी.

बंडोपंत चौतीस वर्षं सरकारी खजिन्यात कारकून होते. तिथे संध्याकाळी रोकड मोजून हिशेबाशी मिळवायची, दिवसाचं खातं बंद करायचं आणि मग घरी जायचं, अशी रीत. नोकरी सुटली, रीत सुटली नाही. दूधवाल्याला रोजचे पैसे रोज. पेपर टाकणारा कवडू हात जोडून म्हणाला, "काका, महिन्याचे एकदमच द्या नं, मले सुट्टे सांभाळाचा लई ताप होते." तरी त्याला रोज फाटकात थांबवून नाणी मोजून देणार. केळझरच्या गणपतीला जातात, पण नवस बोलत नाहीत. नवस म्हणजे देवाची उधारी म्हणे. आधी पेटीत रुपया टाकतात आणि मग काय ते मागतात. देवही बहुधा रुपयाच्या मानानेच देत असावा.

कुणी कौतुक केलं की छाती काढून सांगतात, "पांढरीपांड्यांच्या घरात आजवर कोणाचा एक पैसा राह्यला नाई." राहिला नाही हे खरं. माणूसही फारसा कुणी राहिला नाही, हे ते सांगत नाहीत.

त्यांची बायको शरयू आणि मी एकाच शाळेत होतो. मी गणिताची, ती भूगोलाची. तिचा पहिला पगार झाला त्या दिवशी बंडोपंतांनी दोघांचं एकत्र खातं काढलं. "आपलं दोघांचं एकच." खातं दोघांचं, खिसा एकाचा. पुढे कार्ड आलं, तेही त्याच खिशात गेलं. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला साडीला फॉल लावायचा तरी शिवणारीचे पैसे नवऱ्याकडून घ्यावे लागत. ती कधी बोलली नाही. मी बोलले असते, पण माझं कोण ऐकतं?

शरयूला एकच वेड होतं, प्रवाळ. सातवीला समुद्राचा धडा आला की ती फळा भरून कंकणद्वीप काढायची. मध्ये शांत पाणी, भोवती बांगडीसारखं प्रवाळाचं कडं. शाळेत पांढरा आणि लाल एवढेच खडू मिळत, म्हणून तिचं प्रवाळ नेहमी लाल. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं काय हे?" ती म्हणाली, "नाई रे." हे तिने मला स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, आणि निवृत्तीपर्यंत दर वर्षी सांगत राहिली. त्या पोराचा प्रश्न तिच्या घशात अडकून बसला होता.

तोच पोरगा कैलास. मोठा होऊन वर्ध्यात सहली काढायला लागला. मागच्या हिवाळ्यात त्याने आम्हा बारा निवृत्तांची बोटीची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, गोवा, मग लक्षद्वीपचं एक बेट, आणि परत. बेटाजवळ काचेच्या तळाची होडी मिळते, खाली बघितलं की प्रवाळ दिसतं, असं त्याने शरयूला सांगितलं. शरयू त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून नुसती हसत होती. बंडोपंतांना प्रवाळाशी घेणं नव्हतं. पण सगळे पैसे एकदम भरले तर सवलत होती, आणि सवलत म्हटल्यावर हा माणूस चंद्रावरसुद्धा जाईल.

निघण्याआधी कैलास सगळ्यांना समजावून सांगायला आला. बोटीवर रोख चालत नाही. चढल्यावर काउंटरवर आपलं कार्ड नोंदवायचं. मग चहापासून होडीच्या तिकिटापर्यंत जे घ्याल ते खोलीच्या नावावर पडतं आणि शेवटच्या दिवशी कार्डातून कापलं जातं. "पण काका, क्रेडिट कार्ड असन तं तेच आणजा. डेबिट कार्ड नोंदवलं का ते लोक आधीच काही रक्कम खात्यात अडकवून ठेवते. तुमचाच पैसा, पण आठ-दहा दिवस हात लावता येत नाई."

"क्रेडिट म्हणजे काय रे?" बंडोपंतांनी विचारलं.

"म्हणजे बँकेचे पैसे, काका. मागून द्याचे."

"म्हणजे उधारी. तुझी सहल तुले लखलाभ, आमी आमच्या पैशानं जाऊ." आणि त्यांनी खिशातून आपलं डेबिट कार्ड काढून अंगारा दाखवावा तसं सगळ्यांना दाखवलं. माझ्याकडे पोरानं, अभिरामनं, काढून दिलेलं क्रेडिट कार्ड होतं. मी ते पर्समध्ये आत सरकवलं. उगाच कशाला प्रवचन ओढवून घ्या?

सोमवारी संध्याकाळी बोटीवर चढलो. काउंटरवरच्या मुलीने बंडोपंतांचं कार्ड घेतलं आणि नियमाप्रमाणे पंधरा हजार अडकवले. इथवर ठीक होतं. त्या खात्यात बावन्न हजार होते. बाकी सगळं मुदत ठेवीत, कुलपाच्या आत कुलूप. पंधरा हजार अडकले म्हणून पांढरीपांडे भिकेला लागले नसते.

पण रात्रीच्या जेवणानंतर हे गृहस्थ पुन्हा काउंटरवर हजर. "आजचा हिशेब करा आणि खातं बंद करा."

मुलगी साताऱ्याकडची होती, गोड बोलायची. "काका, आज तुमचा काहीच खर्च नाही. खातं शेवटच्या दिवशी बंद करतात."

"तुमच्याकडं करत असतील. आमच्याकडं रोजचं रोज."

तिने खातं बंद केलं. मंगळवारी सकाळी यांनी कार्ड पुन्हा नोंदवलं. पुन्हा पंधरा हजार अडकले. पहिले सुटले नव्हतेच. ते बँकेच्या सवडीने सुटणार होते. मंगळवारी रात्री पुन्हा बंद, बुधवारी सकाळी पुन्हा नोंद. खर्च शून्य. चहा फुकटचा तेवढाच प्यायचा, बाकी वेळ खोलीत बसून घरून आणलेला चिवडा खायचा. शरयूला नारळपाणी हवं होतं. "सेलूत काय नारळ मिळत नाई?" म्हणून तिला गप्प केलं.

मंगळवारी गोव्याला फोनला रेंज आली तेव्हा त्यांना बँकेचे निरोप दिसले होते. एकदा पंधरा, पुन्हा पंधरा. ते तणतणत काउंटरवर गेले, मागोमाग मी आणि शरयू. मुलीने शांतपणे सांगितलं, "काका, पैसे कापलेले नाहीत, राखून ठेवलेत. तुम्ही रात्री खातं बंद करून सकाळी नवीन उघडलंत, म्हणून पुन्हा नव्याने राखले गेले. आता उघडंच राहू द्या. आणि होडीचं तिकीट हवंय ना, ते आत्ताच काढून ठेवा."

शरयू म्हणाली, "अहो, घ्या नं काढून."

"गुरुवारची होडी, पैसे मंगळवारी काऊन द्याचे? माल दिसल्याशिवाय पैसा नाई." मग मुलीकडे वळून म्हणाले, "चौतीस वर्षं सरकारचा खजिना सांभाळला मी. मले नको शिकवू."

मी म्हटलं, "भाऊजी, ती बरोबर सांगून राह्यली. ऐका तिचं."

"गुलाबताई, तुमी गणित शिकवलं असन. रोकड मी मिळवली हाय."

आडमुठेपणाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. मंगळवारी रात्री खातं बंद, बुधवारी सकाळी उघडं, बुधवारी रात्री पुन्हा बंद.

गुरुवारी सकाळी बेट दिसलं. पाणी असं निळं की शरयू कठड्याला धरून उभी राहिली आणि तिथून हलेना. तिने त्या दिवसासाठी पिवळी साडी आणली होती. काउंटरवर आमच्या बाराही जणांची रांग. बंडोपंतांनी कार्ड पुढे केलं. मुलीने एकदा लावलं, पुन्हा लावलं, मग हळू आवाजात म्हणाली, "काका, कार्ड चालत नाहीये. खात्यात पुरेशी शिल्लक नाही."

पंचेचाळीस हजार अडकले होते, सात मोकळे होते, आणि नोंदणीला पंधरा लागत होते. नोंदणीशिवाय तिकीट नाही. सरळ वजाबाकी, पाचवीच्या पोराने केली असती. पण "शिल्लक नाही" हे शब्द बंडोपंतांना आयुष्यात कुणी ऐकवले नव्हते, आणि ते मागे उभ्या सगळ्या वर्धेकरांनी ऐकले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग शरयूकडे बघितलं आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती जमिनीकडे बघत होती.

"चल शरयू," बंडोपंत म्हणाले. "वरून पाहू. समुद्र सगळीकडं सारखाच."

मी माझं कार्ड काउंटरवर ठेवलं. "भाऊजी, दोघांचं माझ्या नावावर टाकते. सेलूत गेल्यावर द्या."

"उधारीवर समुद्र पाहाचा?" ते जवळजवळ ओरडलेच. "पांढरीपांड्यांच्या घरात असं झालं नाई अन् होणार नाई. चल."

त्यांनी तिचा दंड धरला. शरयू हलली नाही. इतकी वर्षं मी तिला ओळखते. वर्गात पोरं दंगा करायची तेव्हाही ती आवाज चढवायची नाही, आताही नाही चढवला. तिने दंड सोडवून घेतला आणि मला म्हणाली, "गुलाब, एकच तिकीट काढ. माझं. तुझे पैसे मी देणं लागते."

"शरयू!"

"तुमचं नाई काढत मी," ती म्हणाली. "तुमाले वरून दिसते नं."

होडीत ती काचेवर वाकून बसली ती पाऊण तास वर आली नाही. मी दोनदा विचारलं, बरी आहेस ना? तिला ऐकूच गेलं नाही. परत निघताना तिने मान वर केली. डोळे भरलेले होते. "गुलाब, ते लाल नाई वं," ती म्हणाली. "मातकट हाय, हिरवट हाय, कुठं कुठं जांभळं. मी एकतीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं." आणि ती मोठ्याने हसायला लागली. इतकं आनंदाने आपली चूक सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

बोटीच्या दारात बंडोपंत उभे होते. दोन तास तिथेच उभे होते म्हणे. शरयूचा चेहरा अजून उजळलेलाच होता. नवऱ्याने काही विचारावं म्हणून ती क्षणभर थांबली. त्यांनी विचारलं,

"किती झाले?"

"तीन हजार दोनशे," ती म्हणाली, आणि खोलीकडे निघून गेली.

सेलूत आल्यावर अडकलेले पैसे सुटायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत बंडोपंत गावभर सांगत फिरले की बोटवाल्यांनी लुबाडलं. एक रुपयाही कापला गेला नव्हता, हे बँकेने लेखी दिलं तरी सांगतच राहिले. दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता पाकीट घेऊन माझ्या दारात. "मोजून घ्या, गुलाबताई."

मी हात पुढे करणार तेवढ्यात रस्ता ओलांडून शरयू आली. अंगावर घरातलीच साडी, केस ओले. "गुलाब, ते घेजो नको. उधारी माझी हाय, मीच फेडीन." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी कालच बँकेत जाऊन माझं वेगळं खातं काढलं. पुढच्या महिन्यापासून माझी पेन्शन तिथं येईन. गुलाबले महिन्याला शंभर रुपये देईन. बत्तीस महिने."

"अगं, आजच मिटते नं हे!"

"मले मिटवाचंच नाई."

तेव्हापासून दर एक तारखेला ती शंभराची नोट घेऊन येते. सोबत एक वाटी असते, कधी भाजीची, कधी शिऱ्याची. तासभर बसते. प्रवाळ कसं होतं, ते पहिल्यापासून सांगते, आणि मी पहिल्यापासून ऐकते. तिची वाटी मी आठवडाभर ठेवून घेते. समोरच्या ओट्यावर बंडोपंत येरझारा घालत असतात. घरावर कुणाचं तरी देणं आहे, म्हणून त्या माणसाला झोप लागत नाही. सात महिने झाले.

परवा संध्याकाळी ते एकटेच आले. हातात माझी वाटी होती. मी सकाळी दिलेली, तरी पंधरा मिनिटांत परत आली नव्हती. दारातच उभे राहिले. मला वाटलं, बाकी किती हेच विचारणार.

"गुलाबताई," ते म्हणाले, "ते होडीतून... काय दिसलं तिथं? शरयू मले सांगत नाई. मी विचारलं तं म्हणते, तुमी किती झाले विचारलं होतं, ते मी सांगितलं."

मी म्हटलं, "भाऊजी, ते तिचं हाय. मी कोण सांगणारी?"

 त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि रस्ता ओलांडून गेले. "आता काही बाकी नाई" म्हणाले नाहीत. वाटीत सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी होतं. भाजलेले शेंगदाणे, मोजून दहा. मी खाऊन पाहिले. खवट होते.