भुलीत गेले तेव्हा हात कोणी धरला

त्या वर्षी शिवरात्र झाली आणि माझी दाढ दुखायला लागली. पंधरा दिवस मी देवाजवळ रोज एकच मागणं मागत होते, आणि पंधरा दिवस दुखणं रोज थोडं वाढतच होतं. पूजेला बसले की ओठांवर ‘नमः शिवाय’ असायचं आणि मनात मात्र, हा ऐकतो तरी का? अशी शंका यावी याची मला फार लाज वाटे. पण सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे, तर तेही सांगायला हवं.

आम्ही लिंगायत. लेकरू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज अंघोळीनंतर चांदीच्या डबीतून ते काढायचं, डाव्या तळहातावर ठेवून पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात. लिंग अंगापासून सुटलं तर माणसानं प्राण ठेवू नये, असं माझी आई सांगायची. तिनं ते कधी धमकावून सांगितलं नाही. दूध उतू जाऊ देऊ नये, तिन्हीसांजेला झाडू नये, तसं ती सहज सांगायची. म्हणूनच ते मनात फार खोल जाऊन बसलं होतं.

कुरुंद्याला आमचं घर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी चोवीस-पंचवीस वर्षांची, वर्षाची मुलगी अजून अंगावर पिणारी. दाढेसाठी घरात होतं नव्हतं ते सगळं झालं. लवंग धरली, हळद-मीठ चोळलं, रिंगणीच्या बियांची धुरी घेतली. गावात दात उपटून देणारा एक म्हातारा न्हावी होता, त्याला बोलावलं. त्यानं दिव्याच्या उजेडात तोंडात डोकावून पाहिलं आणि चिमटा पुन्हा धोपटीत ठेवला. ‘हे माझं काम न्हाई, दादा,’ तो मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना म्हणाला. ‘दाढ वर आलेलीच न्हाई. दवाखाना गाठा.’ त्यानंतर तीन दिवसांत माझी दातखीळ बसली. दातांच्या फटीतून करंगळीसुद्धा जाईना. ताक आणि पेज तेवढी कशीबशी आत जाई. सूज जबड्याखालून गळ्यात उतरली, अंगात ताप भरला. मुलगी दुधासाठी रडायची आणि मला तिला जवळ घेणंही नको व्हायचं.

घरी हळद काढणीचे दिवस होते. हळद शिजवायला चुलाण पेटलेलं, ते सोडून माझ्या मालकांना हलता येईना. म्हणून मामंजी मला घेऊन निघाले. मुलीला जावेजवळ ठेवलं. वसमतच्या ठेसनापर्यंत बैलगाडी आणि तिथून रेल्वेनं हिंगोली. मामंजी फार कमी बोलणारे. गाडीत त्यांनी एकदाच विचारलं, ‘लई दुखतंय का?’ मी मान हलवली. मग ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

हिंगोलीच्या दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे होते. मराठी बोलत, पण मधेमधे उर्दू शब्द येत. त्यांनी गळ्याची सूज चाचपली, दिवा धरून फटीतून आत पाहिलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं. ही अक्कलदाढ आहे. आडवी उगवली आहे, शेजारच्या दाढेला रेटते आहे, आणि हिरडीत झालेला पू आता गळ्याकडे चालला आहे. आणखी दोन-तीन दिवस गेले तर श्वास अडकेल.

‘दोन रस्ते आहेत, बाई,’ ते म्हणाले. ‘सुई देऊन जागेपणी काढू. पण पू झालेल्या जागी सुई बराबर लागत नाही, तकलीफ होईल. दुसरा रस्ता म्हणजे क्लोरोफॉर्म. तुम्ही झोपाल, जबडा आपोआप ढिला पडेल, मला काम करता येईल. मी तर झोपायलाच सांगेन.’ मग त्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. ‘पण हे काढावं लागेल. भूल दिल्यावर गळा आणि छाती मोकळी पाहिजे. सुजेवर बाहेरून चीर द्यायची वेळ आली, तर मला तिथं दोरा नको, डबी नको.’

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून ते म्हणाले, ‘साहेब, ते आमच्यात काढत न्हाईत.’

मी दातांच्या फटीतून सांगितलं, ‘जागेपणीच काढा.’ मला वाटलं, देवासाठी सोसायची ही वेळ आहे. खरं सांगायचं तर त्यात थोडा अभिमानही होता. गावात म्हणतील, पोरीनं दाढ काढू दिली पण लिंग उतरवलं नाही.

तो अभिमान किती वेळ टिकला ते सांगायला मला आता हसू येतं. डॉक्टरांनी सुई दिली, थोडा वेळ थांबले, मग जबडा उघडायचं लोखंडी अवजार दातांत बसवून हलकेच दाबलं. मी इतक्या जोरानं मान झटकली की डॉक्टरांच्या दुसऱ्या हातातली सुरी खाली पडली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी मी त्यांचा हातच पकडला. ते रागावले नाहीत. अवजार बाजूला ठेवून म्हणाले, ‘असं नाही होणार. जीभ कापली जाईल. बाहेर जाऊन बसा, विचार करा. मी दुसरे रोगी पाहून येतो.’

मी बाहेर ओसरीत खांबाला टेकून बसले आणि रडायला लागले. दुखत होतं म्हणून नव्हे. देवाला मी नको झाले आहे असं वाटलं म्हणून. जागी राहवत नाही, झोपावं तर लिंग सुटतं. मामंजी अंगणात कडुनिंबाखाली उभे होते, पाठमोरे.

तेव्हा शेजारी बसलेली एक म्हातारी माझ्याकडे सरकली. तिच्या नवऱ्याच्या पायाला मोठी जखम होती, महिन्याभरापासून ती त्याच्याबरोबर दवाखान्यात राहत होती. पाणी भरणं, चादरी धुणं, रोग्यांना उठवून बसवणं अशी कामं करता करता ती तिथली अर्धी दाईच झाली होती. तिचं नाव बानूबी, हे मला नंतर कळलं. तिनं काही न विचारता माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तळवा चोळायला लागली.

‘लिंगायताची हायेस न्हवं?’ ती म्हणाली. ‘डबी दिसली. मी कळमनुरीची मनियारीण. तीस वर्षं झाली बांगड्या भरून राहिले. तुमच्या बायांचे हात लई भरले. याच हातावर पूजा करता ना तुमी?’

मी मान हलवली.

‘मग गळ्यातच काहून पाहिजे? हातावर ठेव की.’

हे इतकं साधं होतं की मी रडायची थांबले. ज्या तळहातावर ते रोज बसतं, त्याच तळहातावर ते राहिलं तर अंगापासून सुटलं कुठं? पण लगेच मनात आलं, मी झोपल्यावर हाताला काय कळणार. तो उघडेल आणि लिंग खाली पडेल.

डॉक्टर परत आले तेव्हा बानूबीनंच त्यांना विचारलं. त्यांनाही तीच अडचण वाटली. भुलीत हात लुळा पडतो, साधी पट्टी सुटते, घट्ट बांधली तर रक्त अडतं. ‘कंपौंडर औषधाचे थेंब टाकणार, माझे दोन्ही हात गुंतलेले. दाई तर लग्नाला गेली. हात धरून बसायला माझ्याकडं माणूस कुठं आहे?’

‘मी हाय की,’ बानूबी म्हणाली. ‘हात धरायचंच काम हाय माझं.’

डॉक्टर थोडं हसले. म्हणाले, ‘हात साबणानं धू. आणि रक्त पाहून चक्कर यायची नाही.’

आता मामंजींना विचारायचं राहिलं होतं. मी उठून झाडाखाली गेले. परधर्माच्या बाईच्या हाती आमचं लिंग, हे त्यांना कसं सांगावं मला कळेना. पण त्यांनी ओसरीतलं सगळं ऐकलं होतं. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘लेकरू घरी वाट पाहतंय तुझी. तू झोप घे. गावात कोणी विचारलं तर मी सांगीन, मीच घ्यायला लावली म्हणून.’ माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यांचा आवाज असा ओला झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या पाया पडताना जबड्यातून कळ आली, पण मनावरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं.

मला टेबलावर निजवलं. डबी मी स्वतः गळ्यातून काढली, त्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. बानूबीनं धुतलेल्या फडक्याची घडी त्यावर ठेवली, माझी बोटं एकेक करून मिटली आणि आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ धरली. मी भीतीनं मूठ इतकी आवळली होती की नखं रुतत होती.

‘हात ढिला सोड,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘हात ताणला की काकण फुटतं. नव्या नवऱ्या अशाच करतात. तू सोड, मी धरलंय.’

कंपौंडरनं नाकावर कापड लावलेली जाळी ठेवली. गोडसर, घशाला लागणारा वास आला. डॉक्टर म्हणाले, आकडे मोजा. आकड्यांऐवजी मी मनात पंचाक्षरी म्हणायला लागले. एक वेळ झाली, दोन वेळ झाली. पाय नाहीसे झाले, मग पाठ. आपण आता काहीच धरू शकत नाही हे मला स्वच्छ कळत होतं, आणि त्याची भीती वाटायला हवी होती. पण त्याच क्षणी मनात एक विचार आला, तो मी आजवर फार थोड्यांना सांगितला आहे. मला वाटलं, जन्मापासून मी समजत आले की देवाला मी सांभाळते आहे. हात छातीवर ठेवून, झोपेतसुद्धा. आणि इतकी वर्षं मला कोण सांभाळत होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. मग हातही नाहीसा झाला. शेवटी फक्त कोणीतरी धरलं आहे एवढंच उरलं. मंत्र कुठल्या अक्षरावर तुटला ते मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा तोंडात कापूस होता आणि खिडकीतून ऊन आलं होतं. पहिली आठवण हाताची झाली. मी दचकून हात उचलायला गेले, तो उचलेना. पाहते तर बानूबी त्याच स्टुलावर बसली होती, दोन्ही हात माझ्या मुठीवर. तिच्या पदरावर माझ्या रक्ताचे डाग होते. डॉक्टरांना पाऊण तास लागला होता. दाढेचे तीन तुकडे करून काढावे लागले, पू सगळा आतूनच निघाला, बाहेर चीर द्यावी लागली नाही. जाग यायला आणखी वेळ गेला. तेवढ्या वेळात एकदाही ती उठली नव्हती, असं कंपौंडर म्हणाला.

‘घे बाई, तुझं तुझ्याजवळ,’ ती म्हणाली आणि तिनं माझी बोटं उघडली. लिंग तळहाताच्या मधोमध होतं. मग ती आपली बोटं चोळत, ती सरळ करायचा प्रयत्न करत उठली, आणि नवऱ्याची पट्टी बदलायची राहिली म्हणून निघून गेली. माझ्या तोंडात कापूस, मला एक शब्द बोलता आला नाही. दुसऱ्या दिवशी मी उठून ओसरीत गेले तर नवऱ्याला घेऊन ती गावी गेली होती.

आठ दिवसांनी घरी आले, मुलीला पोटाशी घेतलं. मामंजींनी आमच्या गुरूंना, जंगमस्वामींना बोलावून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. स्वामींनी एकच विचारलं, ‘लिंग हातावरून हाललं का?’ मी न्हाई म्हटलं. ‘मग प्रायश्चित्त कशाचं?’ ते म्हणाले आणि जेवायला बसले. मामंजींनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

बानूबीच्या रूपानं देवच आला होता, असं आमच्याकडे पुष्कळजणी म्हणाल्या. मला एवढं ठाऊक आहे की तिचा नवरा शेजारच्या खोलीत कण्हत होता आणि ती माझा हात धरून बसली होती. माणसानं हे केलं असेल तर ते देवानं केल्यापेक्षा मला कमी वाटत नाही.

पुढच्या वर्षी नणंदेकडे कळमनुरीला गेले तेव्हा आठवडी बाजारात मी तिला शोधून काढलं. बायांच्या घोळक्यात बसून ती बांगड्या भरत होती. मी पाया पडले आणि कोण ते सांगितलं. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

‘असंल बाई,’ ती म्हणाली. ‘तुझं तोंड ध्यानात न्हाई. तवा सुजलेलं असंल. हात तर लई धरले मी.’ मग तिनं विचारलं, ‘पुन्हा दुखली का दाढ?’

‘न्हाई.’

‘मग झालं,’ ती म्हणाली आणि पुढच्या बाईचा हात हातात घेतला.

त्यानंतर आयुष्यात आणखी पुष्कळ प्रसंग आले. सोडून दिलं की प्रत्येक वेळी कोणी झेलतंच, असं मी सांगणार नाही. तेवढं मला कळत नाही. त्या दिवशी मी सोडलं आणि धरणारं कोणी होतं, याबद्दल मी रोज पूजेनंतर हात जोडते. कळमनुरीच्या बाजारातून निघताना मी मूठभर फुटाणे घेतले आणि नणंदेच्या घरी पोचेपर्यंत ते दोन्ही बाजूंनी चावून खाल्ले.