साप्ताहिक ‘गिऱ्हाईक’ आणि मांडीवरचं आप्पेपात्र

प्रवासाला निघताना सामान कमी घ्या, असं मी या ब्लॉगवर इतक्यांदा लिहिलंय की वाचक आता ते मलाच ऐकवतात. आणि गेल्या महिन्यात कोल्हापूरला निघताना आमच्या पिशवीत काय होतं? बिडाचं आप्पेपात्र. कोरं करकरीत, चांगलं तीन किलोंचं. पिशवी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ती त्यांनी डिकीतसुद्धा ठेवू दिली नाही. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत मांडीवर!

त्याचं झालं असं. अण्णांना त्यांच्या एका जुन्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर साप्ताहिक ‘गिऱ्हाईक’चा अंक पाठवला. हे कोल्हापूरच्या बाजारपेठेचं वर्तमानपत्र. गुळाचे भाव, सुताचे भाव, कुठे काय नवीन निघालं, कुणाला लेथवर माणूस हवाय, असल्या बातम्यांचं. साप्ताहिकाची पन्नाशी पूर्ण झाली म्हणून त्यांनी कचेरीतलं ‘बोहनीचं कपाट’ सगळ्यांना पाहायला खुलं केलं होतं. अंक वाचून अण्णा म्हणाले, “मला जायला पाहिजे. माझं एक काम राहिलंय तिथे.”

ते काम आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. लग्नाआधी अण्णांनी कोल्हापुरात, उद्यमनगरात, ओतकामाची छोटी भट्टी टाकली होती. ‘गिऱ्हाईक’चा नियम असा की नव्या धंद्याची पहिली बातमी फुकट, पण संपादक इब्राहिमचाचा स्वतः येऊन, पूर्ण पैसे देऊन पहिली वस्तू विकत घेणार. बातमीखाली मग ठरलेली ओळ: ‘माल आम्ही घेऊन पाहिला आहे.’ चाचा आले त्या दिवशी अण्णांकडे तयार नग एकच होता आणि तोही फसलेला. साच्यातली वाळू ढासळल्यामुळे सातांपैकी मधला खळगा उथळ राहिला होता. अण्णा देईनात, चाचा ऐकेनात. बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत तरी कसं पाठवायचं? शेवटी “पुढच्या आठवड्यात बदलून देतो” म्हणत अण्णांनी ते दिलं. पुढच्या आठवड्यात जमलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मग भट्टीच बंद पडली. अण्णा पुण्यात नोकरीला लागले. नंतर आम्ही दोनदा जोतिबाला गेलो, पण दोन्ही वेळा अण्णांनी गाडी शहरात वळवू दिली नाही. दिलेला शब्द राहिला, तोंड कसं दाखवू, असं त्यांचं म्हणणं.

आईला ही सगळी गोष्टच थाप वाटते. “संपादक आप्पेपात्र न्यायला येतो होय!” असं ती इतकी वर्षं म्हणत आलीय. ती सोबत आली ती खोटं पकडायला.

गुरुवारी सकाळी निघालो. साताऱ्यापर्यंत रस्ता झकास, पुढे कऱ्हाडच्या आसपास उड्डाणपुलांची कामं आणि वळणरस्ते, त्यामुळे सहा तास धरूनच चला. स्टँडजवळ दीड-दोन हजारांत स्वच्छ खोली मिळते, फक्त पार्किंग आहे का ते आधी विचारा. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, मग एका खानावळीत तांबडा-पांढरा. रस्सा हवा तेवढा वाढतात. आईने पांढऱ्याच्या वाट्यांवर वाट्या संपवल्या. अण्णा मात्र एकच वाटी चिवडत बसले होते. वाढप्याला ते बघवेना.

“पावणं, जेवा की! आजारी मानसागत काय पितासा रस्सा?”

“उद्या परीक्षा आहे त्यांची,” आई म्हणाली.

शुक्रवार हा अंकाचा दिवस. सकाळीच शाहूपुरीतल्या एका गल्लीत ‘गिऱ्हाईक’ची कचेरी शोधली. खाली कचेरी, वर घर. चाचा आता नाहीत, त्यांची मुलगी शमीमताई अंक काढते. पन्नाशीची बाई, आवाज मात्र सौद्यात बोली लावणाऱ्याचा. अण्णांनी आपलं नाव सांगितलं नाही. ‘कपाट बघायला आलोय’ एवढंच म्हणाले.

“या की! मी तर हितंच टेबलाखाली वाढलो,” शमीमताई म्हणाली. कोल्हापुरात बायकाही ‘आलो, गेलो’ म्हणतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दचकू नये.

चहा येईपर्यंत तिने सगळा इतिहास ऐकवला. चाचा गुळाच्या सौद्यात कारकून होते. लांबून गूळ घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला कालचा भावसुद्धा माहीत नसायचा, म्हणून ते चहाच्या हॉटेलातल्या फळ्यावर खडूने भाव लिहून ठेवायचे. फळा पुरेना तेव्हा एक पान छापलं. दूध घालून गावाकडे परत जाणाऱ्या गाड्यांमधून ते पान गावोगाव पोचायला लागलं. मग इचलकरंजीचे मागवाले भांडायला आले. “गुळाचं छापतासा, सुतानं काय घोडं मारलंय?” झालं, दुसरं पान. कागलला पंचतारांकित एमआयडीसी आली तशी पानं आणखी वाढली. महापुरात छापखान्यात पाणी शिरलं, तर शमीमताईने एका कागदावर हाताने भाव लिहिले आणि त्याचा फोटो फोनवरून सगळ्यांना पाठवला. तेव्हापासून अंक मोबाईलवर जातो, आणि जुन्या वाचकांसाठी थोड्या प्रती छापतात.

आणि ते कपाट! चाचांनी केलेल्या बोहन्यांचं. चपलांचा जोड, सुताचा कोन, हुपरीची चांदीची जोडवी, आइस्क्रीमचा रिकामा कप, बरणीत डांबरासारखी काळी पडलेली गुळाची ढेप. यातले निम्मे धंदे आज नाहीत, पण कुणाचीही वस्तू काढलेली नाही. मला ते फार आवडलं. धंदा बुडाला तरी बोहनी झाली होती हे तर खरंच ना!

अण्णा वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत बघत गेले. मग परत वरून. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आप्पेपात्र नव्हतं.

“नाहीये,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. “टाकूनच दिलं असणार. त्यांची काय चूक?”

ज्या क्षणाची आई इतकी वर्षं वाट बघत होती तो समोर आला होता. पण ती अण्णांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “असेल हो इथेच कुठेतरी. नीट बघितलंत का?” मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

अण्णांनी पिशवीतून नवं आप्पेपात्र काढून टेबलावर ठेवलं. “ताई, तुमच्या वडिलांना मी एक फसलेलं दिलं होतं. मधला खळगा उथळ होता. बदलून देतो म्हणालो होतो. उशीर झाला, पण एवढं घ्या.”

शमीमताईने पात्र उचलून पाहिलं. आणि मग अशी हसली की गल्लीतला माणूस डोकावून गेला.

“म्हंजे ते बारक्या आप्प्याचं पात्र तुमचं व्हय! अवो, ते कपाटात कसं असंल? ते वर ग्यासवर हाय की!”

आम्ही तिच्या मागोमाग जिना चढलो. खरंच होतं. घासून घासून काळंभोर, गुळगुळीत झालेलं. त्यात आप्पे फुगत होते, सहा मोठे आणि मधला एक चिमुकला.

“मधला बारका, म्हनून आदी हुतोय,” ती म्हणाली. “दर शुक्रवारी छापखान्यातल्या मानसांस्नी आप्पे असायचं. अब्बा पयला ह्यो चाखायचं, मीठ बगायचं आन म्हनायचं, झाली बोहनी, आता छापा. ह्यो खाल्ल्याबिगर अंक भाईर पडला न्हाय कधी. आता मी खातो.”

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्याही. माझं तर विचारूच नका.

शमीमताईने तो चिमुकला आप्पा बशीत घेऊन अण्णांपुढे धरला. “आज तुमी.”

अण्णांनी फुंकर मारून खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“मीठ?” तिने विचारलं.

“बराबर हाय,” अण्णा म्हणाले. त्यांना असं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

शमीमताईने फोन उचलला आणि अंक पाठवून दिला. नवं पात्र घ्यायला मात्र तिने साफ नकार दिला. “बोहनीचा माल कुनी बदलून घेतंय व्हय? न्या परत.”

नंतर अण्णा आपण होऊन म्हणाले, “उद्यमनगरात जाऊ या.” त्यांच्या शेडमध्ये आता कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आहेत. मालकाने चहा पाजला, आणि अण्णांनी त्याला भट्टी कुठे होती, साचे कुठे ठेवायचो ते सगळं उभ्याउभ्या सांगितलं. आईने चप्पल लाइनीत घासाघीस करून दोन जोड घेतले. रात्री त्याच खानावळीत अण्णांनी इतका रस्सा प्यायला की वाढपी म्हणाला, “पास झाला वाटतं पावणं!”

कोल्हापुरात काय बघायचं ते तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. मी एवढंच सांगीन की शुक्रवार सकाळ मोकळी ठेवा आणि ते कपाट बघून या.

रविवारी पुण्यात आईने नव्या पात्रात आप्पे घातले. साती खळगे अगदी एकसारखे, कुठे खोट काढायला जागा नाही. अण्णा जवळच उभे होते. त्यांनी आईच्या हातातला डाव घेतला आणि मधल्या खळग्यातलं अर्धं पीठ परत पातेल्यात काढलं.

“अहो अण्णा, हे काय?” मी म्हटलं.

उत्तर आईनेच दिलं. “असू दे गं. बोहनीचा आहे तो.”