सतरंजीसाठी चार दगड

कुवेतमध्ये जहऱ्याच्या पुढे वाळवंटात फिरायला जाणार असाल, तर आधी हे वाचा.

शुक्रवारची सुट्टी म्हणून आज सकाळी मी आणि महेश मुतलाच्या डोंगरातल्या घळी बघायला गेलो. गाडी कच्च्या रस्त्यावर ठेवून चालत निघालो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नवरा कायम चार पावलं पुढे आणि मी डबा-सतरंजी घेऊन मागे.

वारा सुटला होता. सतरंजीवर ठेवायला दगड हवेत म्हणून मी वाकले, तेवढ्यात वरून एक मेंढपाळ ओरडला, "हाथ मत लगाओ! माइन है!"

दगडाशेजारी वाळूत गंजलेली गोल कड दिसत होती. आखाती युद्धातला सुरुंग, इतक्या वर्षांनी!

"अपने पैर के निशान पे वापस जाओ!"

वळलो, तर आता मी पुढे. आमची पावलं वाऱ्याने बुजत चालली होती.

"घाई करू नकोस गं," महेश मागून म्हणाला. माझ्या प्रत्येक पावलावर तो पाऊल ठेवत होता.

वाचलो.

मघाशी, शहरात परतल्यावर, फहाहीलच्या बाजारात साहेब पुन्हा चार पावलं पुढे. मी मुद्दाम थांबले. त्याने किती वेळाने मागे वळून पाहिलं असेल, सांगा?