चपलेचा ब्रेक

धाराशिवच्या दुकानदारानं नवे ब्रेकरबर हातात ठेवले आणि त्या वासानं मी थेट धाकट्या भावापाशी, रवीपाशी जाऊन पोचलो.

लहानपणी भंगारातली एक गिअरची सायकल आम्ही दोघं नीट करत होतो. पैशात एकच बसत होतं, गिअर नाहीतर ब्रेक.

"दादा, आधी ब्रेक घ्यायचा का?"

"ब्रेक कशाला? चप्पल हाय की. टायरवर दाबायची."

तो हसला. आम्ही गिअर घेतले.

आठवड्यानं घाटाच्या उतारावर तो सायकलसकट दरीत गेला. लोक आईला म्हणाले, "पोरगं मस्तीत सुटलं असंल, थांबायचंच न्हवतं त्याला."

त्याची चप्पल मी उचलली होती. तळ घासून आरपार भोक पडलं होतं. ती मी कुणाला दाखवली नाही. आईही लोकांचंच खरं धरून गेली.